इटलीचे विचारवंत नाशिकला कोणत्या दाराने आले?

इटली म्हटले की आपल्या घरातल्या माणसांना काय आठवते? मुंबईला जाऊन-येऊन असलेल्याला काळी-पिवळी फियाट टॅक्सी आठवेल. सातपूर-अंबडच्या कंपनीत उमेदीची वर्षे घातलेल्याला बजाजची जुनी स्कूटर आठवेल. बजाजने ती १९६० च्या सुमारास इटलीच्या व्हेस्पाच्या परवान्यावर बनवायला घेतली होती. शाळेतली मुले पोप आणि पिसाचा कलता मनोरा सांगतील. तत्त्वज्ञ मात्र कुणी सांगणार नाही. तत्त्वज्ञ म्हणजे ग्रीसचा सॉक्रेटिस, जर्मनीचा मार्क्स, फ्रान्सचा रूसो. इटलीत तत्त्वज्ञ कुठले, असेच आपल्याला वाटते.

वाचकहो, वस्तुस्थिती उलटी आहे. इटलीचे विचारवंत आपल्या नाशिकच्या इतिहासात एकदा नव्हे, दोनदा येऊन गेले आहेत, आणि तिसरा अजून आपल्या वस्तीच्या दाराशी उभा आहे. कोण कुणाचे बोट धरून आला, त्याच्या विचारातले काय उचलले गेले आणि काय तिथेच राहिले, याचा हिशेब कुणीतरी मांडायला हवा. पेशाने मी कारकून. जमा आणि खर्च समोरासमोर लिहून ठेवण्याची सवय आहे, म्हणून हा उद्योग केला.

परक्या मुलखातल्या माणसांचे नाशिकला वावडे कधीच नव्हते. त्रिरश्मी लेण्यांतल्या १७ व्या लेण्याचा शिलालेख ज्यांनी पाहिला असेल त्यांना ठाऊक आहे की ते लेणे धम्मदेवाचा पुत्र इंद्राग्निदत्त या योनकाने, म्हणजे ग्रीक वंशाच्या माणसाने, दान दिले आहे. तेव्हा ग्रीस-रोमकडची माणसे व्यापार करीत इथवर येत होती. विचार यायला मात्र पुढे फार काळ लागला.

जाळले, कोंडले आणि अडवले ते

आधी जुन्या लोकांची थोडी ओळख करून घेऊ. सगळ्यांची नावे घेत बसलो तर अंक पुरणार नाही. रोमचे सिसेरो, सेनेका, सम्राट मार्कस ऑरेलियस, नंतर चर्चचा मोठा पंडित थॉमस अक्वायनस, राजकारणाचे कपडे उतरवून दाखवणारा फ्लॉरेन्सचा मॅकियाव्हेली. हे सर्व पाठ्यपुस्तकात भेटतात. माझे मन रमते ते त्यानंतरच्या चौघांत.

पहिला जिओर्दानो ब्रूनो. नेपल्सजवळच्या नोला गावचा, जन्म १५४८ चा. विश्व अनंत आहे, आकाशातले तारे हे आपल्या सूर्यासारखेच सूर्य आहेत, असे तो सांगू लागला. सुमारे आठ वर्षे त्याला कोठडीत ठेवले आणि शब्द मागे घे म्हणून दटावले. त्याने घेतले नाहीत. १७ फेब्रुवारी १६०० रोजी रोमच्या कांपो दे फ्योरी या बाजारचौकात त्याला जिवंत जाळले. जाताना तो काही बोलू नये म्हणून त्याची जीभही बांधली होती. त्याच चौकात १८८९ साली त्याचा पुतळा उभा राहिला. आजही त्याच्या पायाशी भाजीफळांचा बाजार भरतो.

दुसरा कम्पानेला. हाल-हाल करून त्याला सुमारे २७ वर्षे तुरुंगात ठेवले, आणि तिथेच १६०२ साली त्याने एका कल्पित नगराचे पुस्तक लिहिले. त्या नगरात खाजगी मालमत्ता नाही, प्रत्येकाला काम करावे लागते, कोणतेही काम हलके मानत नाहीत आणि सर्वांनी मिळून केल्यामुळे रोज चार तासांत काम उरकते. ओव्हरटाइम करून घरी परतणाऱ्या बांधवांनी यावर हसावे की रडावे, हे त्यांनीच ठरवावे.

तिसरी एक बाई आहे, आणि आपल्या भगिनींनी तिचे नाव लक्षात ठेवावे: एलेना कोर्नारो. व्हेनिसच्या सरदाराची मुलगी, पण आई गरीब शेतकरी घरातली. एलेनाला धर्मशास्त्राची पदवी हवी होती. बिशपने सांगितले, बाईला धर्मशास्त्राची पदवी देता येणार नाही. शेवटी पादुआच्या विद्यापीठाने २५ जून १६७८ रोजी तिला तत्त्वज्ञानाची डॉक्टरेट दिली. विद्यापीठाची अशी पदवी मिळवणारी जगातली पहिली स्त्री म्हणून तिची नोंद आहे. बाईने काय शिकावे हे बाहेरच्या पुरुषाने ठरवायचे, ही रीत केवळ आपल्या देशाची नाही. सावित्रीमाईंना शेण झेलावे लागले, एलेनाला विषय बदलावा लागला.

चौथा चेझारे बेक्कारिया, मिलानचा. १७६४ साली, वयाच्या पंचविशीत, त्याने गुन्हा आणि शिक्षा यांवर छोटेसे पुस्तक लिहिले आणि सुरुवातीला भीतीपोटी आपले नावही घातले नाही. त्याचे म्हणणे साधे होते. मारहाण करून कबुली घेतली तर सत्य कळत नाही, फक्त कुणाचे शरीर दणकट आहे ते कळते. दणकट गुन्हेगार सुटतो आणि अशक्त निरपराध अडकतो. फाशी देऊन गुन्हे थांबत नाहीत. आणि महत्त्वाचे म्हणजे सरदाराला आणि साध्या माणसाला एकाच गुन्ह्याला एकच शिक्षा हवी.

हे वाचताना आपल्याला मनुस्मृती आठवल्याशिवाय राहत नाही. तिथे एकाच गुन्ह्याला वर्णागणिक वेगळी शिक्षा आहे. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला तिचे दहन झाले त्यामागे हेही एक कारण होते. फाशीच्या बाबतीत तर आणखी एक गोष्ट आहे. ३ जून १९४९ रोजी घटना समितीत फाशीच्या शिक्षेवरील अपिलाचा विषय निघाला, तेव्हा बाबासाहेबांनी सांगितले की अपिलाची तरतूद करण्यापेक्षा फाशीची शिक्षाच रद्द करण्याला मी अधिक पाठिंबा देईन. कायद्याच्या विद्यार्थ्यांनी ते भाषण जरूर काढून वाचावे.

मॅझिनी आणि नाशिकचे तरुण

आता नाशिककडे येऊ. इटलीचा पहिला विचारवंत इथे आला तो जोसेफ मॅझिनी. जन्म १८०५, जिनोआ शहरात. तेव्हा इटली एक देश नव्हता, तुकडे होते आणि बऱ्याच तुकड्यांवर परक्यांचा अंमल होता. १८३१ साली मॅझिनीने 'तरुण इटली' ही गुप्त संघटना काढली. आयुष्य बहुतेक परदेशात, लपतछपत गेले. १८७२ साली तो वारला.

विनायक दामोदर सावरकर आपल्या जिल्ह्यातल्या भगूरचे. नाशिकला त्यांनी मित्रमेळा काढला, १९०४ साली त्याचे 'अभिनव भारत' झाले. नावातच 'तरुण इटली'चा वारा आहे. १९०६ साली ते लंडनला गेले, तिथे मॅझिनीचे आत्मचरित्र आणि राजकीय लेखन त्यांनी मराठीत उतरवले आणि त्याला स्वतःची प्रस्तावना जोडली. थोरले बंधू बाबाराव यांनी १९०७ साली ते पुस्तक इकडे छापून प्रसिद्ध केले. पुढे इंग्रज सरकारने त्यावर बंदी घातली. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात कलेक्टर जॅक्सनचा खून झाला आणि सगळे प्रकरण फाशी व काळ्या पाण्यापर्यंत गेले. हा इतिहास आपल्याकडे पुष्कळ सांगितला जातो, त्यामुळे मी त्यात शिरत नाही.

मला सांगायचे आहे ते त्या पुस्तकाबाहेर राहिलेल्या मॅझिनीबद्दल. लंडनमध्ये तेव्हा इटलीहून आणलेली गरीब पोरे रस्त्यावर बाजाची पेटी वाजवून पैसे मागत. मालक संध्याकाळी पैसे मोजून घेई आणि कमी पडले तर मारी. या पोरांसाठी मॅझिनीने १८४१ साली हॅटन गार्डन भागात रात्रीची मोफत शाळा काढली. स्वतः फाटका माणूस, तरी लिहिणे-वाचणे शिकवू लागला. १८६० साली त्याचे 'माणसाची कर्तव्ये' हे पुस्तक निघाले. ते इटलीच्या कामगारांना उद्देशून आहे. शिक्षण घ्या, संघटना करा, घरातली स्त्री ही तुमच्या बरोबरीची आहे असे समजा, असे तो त्यांना बजावतो.

म्हणजे एकाच माणसात दोन माणसे होती: एक गुप्त कट करणारा आणि एक रात्रशाळेचा मास्तर. नाशिकला पहिला आला, दुसरा आला नाही. ज्यांनी आणले त्यांना परकी सत्ता उलथायची होती, त्यांना पहिल्याचीच गरज होती. त्यांचे धाडस खोटे नव्हते, जीव त्यांनीही दिले. पण त्याच नाशिकात त्याच वर्षी आपल्या आज्याला रामकुंडावर पाण्याला हात लावता येत नव्हता, आणि त्याच्यासाठी मॅझिनी कुणी मराठीत उतरवला नाही.

गांधीजींनाही मॅझिनी प्रिय होता. १९०९ च्या 'हिंद स्वराज्य'च्या शेवटी त्यांनी वाचण्यासारख्या पुस्तकांची यादी दिली आहे, तीत 'माणसाची कर्तव्ये' आहे. इथे मात्र मला एक शंका मांडायची आहे. हक्क मागत बसू नका, कर्तव्य ओळखा, हा मॅझिनीचा मुख्य सूर. इटलीच्या कामगाराला तो स्फूर्ती देणारा वाटला असेल. आपल्याला मात्र हजारो वर्षे दुसरे काही सांगितलेच गेले नाही. वरच्या तिघांची सेवा हेच शूद्राचे कर्तव्य, हे पोथीत लिहून ठेवले होते, आणि आम्ही तर त्याही खालचे. ज्याच्या ताटात हक्काचा एक घास नाही त्याला कर्तव्याचे प्रवचन देणे सोपे असते. मॅझिनी स्वतः प्रामाणिक होता, यात वाद नाही. पण 'कर्तव्य' हा शब्द कुणाच्या तोंडून कुणाला ऐकवला जातो, हे पाहिल्याशिवाय त्याचे मोल ठरत नाही.

१९३१ : रोमची एक भेट

दुसऱ्या वेळी इटलीहून आला तो विचार एका पुस्तकातून आला नाही, एका दौऱ्यातून आला. तारखा नीट पाहा. २ मार्च १९३० रोजी नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी तो पुढे काही वर्षे नेटाने चालवला. त्या वर्षाच्या अखेरीस लंडनला पहिली गोलमेज परिषद भरली. बाबासाहेब तिथे होते, आणि हिंदू महासभेचे डॉ. बा. शि. मुंजेही होते. परत येताना मुंजे इटलीत उतरले. १९ मार्च १९३१ रोजी रोममध्ये त्यांनी मुसोलिनीची भेट घेतली. तिथली लष्करी शिक्षणाची विद्यालये पाहिली, आणि आठ वर्षांच्या पोरांपासून गणवेश चढवून कवायत शिकवणारी 'बालिला' ही सरकारी संघटना पाहिली. ती त्यांना फार आवडली, असे त्यांच्या डायरीत आहे. ही डायरी दिल्लीच्या संग्रहालयात असून मार्झिया कासोलारी या इटालियन अभ्यासक बाईंनी ती वाचून २००० साली त्यावर लेख प्रसिद्ध केला. मुंजे यांनी १९३५ साली हिंदूंच्या लष्करी शिक्षणासाठी संस्था काढली आणि १९३७ साली नाशिकला भोसला मिलिटरी स्कूल सुरू झाले. ते आजही चालू आहे. १९३२ च्या राजा-मुंजे करारातले मुंजे ते हेच. बाबासाहेबांच्या स्वतंत्र मतदारसंघाच्या मागणीविरुद्ध तो करार उभा केला गेला होता.

यात तत्त्वज्ञ कुठे आला, असे तुम्ही विचाराल. मुसोलिनीच्या मागे एक अस्सल तत्त्वज्ञ उभा होता, जिओव्हानी जेंतिले. विद्वान, अनेक ग्रंथांचा कर्ता. मुसोलिनीचा शिक्षणमंत्री होऊन १९२३ साली त्याने शाळांची नवी रचना केली. राज्य हेच सर्वस्व, व्यक्तीने त्यात विरघळून जावे, हे त्याचे तत्त्वज्ञान. १९३२ साली मुसोलिनीच्या नावे फॅसिझमच्या सिद्धांताचा जो लेख निघाला, त्यातला तात्त्विक भाग जेंतिलेने लिहिला होता. त्याचा जुना मित्र बेनेदेत्तो क्रोचे याने १९२५ सालीच उघड पत्रक काढून त्याला विरोध केला. मैत्री तिथे संपली.

आणि १९३१ साली, म्हणजे मुंजे येऊन गेले त्याच वर्षी, मुसोलिनीने हुकूम काढला की विद्यापीठाच्या प्रत्येक प्राध्यापकाने राजवटीशी एकनिष्ठतेची शपथ घ्यावी. सुमारे बाराशे प्राध्यापक होते. नाही म्हणणारे निघाले जेमतेम डझनभर. बाकीच्यांनी सही केली आणि पगार घेतला. नोकरदार माणूस म्हणून मी त्यांना एकदम दोष देत नाही. महिन्याची एक तारीख काय असते हे मला कळते. पण त्या डझनभर घरांत त्या रात्री नवरा-बायको काय बोलले असतील, हा विचार मनात येतोच.

तुरुंगातला कुबडा

मुंजे रोमला होते तेव्हा त्याच इटलीच्या दक्षिणेला, बारी शहराजवळच्या तुरी गावच्या तुरुंगात, एक ठेंगणा, पाठीला कुबड आलेला कैदी वहीत बारीक अक्षरात लिहीत बसला होता. त्याचे नाव अंतोनिओ ग्राम्शी.

त्याचा जन्म २२ जानेवारी १८९१ चा. बाबासाहेबांचा १४ एप्रिल १८९१ चा. तीन महिन्यांचे अंतर.

सार्डिनिया या मागासलेल्या बेटावर तो वाढला. वडील रजिस्टर कचेरीत कारकून. त्यांच्यावर अफरातफरीचा आरोप येऊन ते तुरुंगात गेले आणि सात लेकरांचा भार आईच्या शिवणकामावर पडला. अकरा-बारा वर्षांच्या अंतोनिओला शाळा सोडून एका कचेरीत कामाला लागावे लागले. रोज दहा तास, रविवारी सकाळीही, आणि महिन्याला नऊ लिरा, म्हणजे दिवसाला किलोभर पावाचे पैसे. काम काय, तर स्वतःच्या वजनापेक्षा जड रजिस्टरे इकडून तिकडे नेणे. रात्री अंग इतके दुखे की तो चोरून रडत असे, हे त्याने पुढे तुरुंगातून लिहिलेल्या पत्रात नोंदवले आहे. लेजर किती जड असते हे मी जाणतो, तेही मोठ्या माणसाच्या हातांनी. पाठीत बाक असलेल्या पोराचे काय झाले असेल!

१९११ साली गरीब विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तीची परीक्षा देऊन तो तुरीन विद्यापीठात गेला. शिष्यवृत्ती महिना सत्तर लिरा. थंडी, उपासमार आणि आजारपण यात पदवी पुरी झाली नाही. बाबासाहेब १९१३ साली बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियाला गेले. तुरीन म्हणजे फियाटचे गाव. त्या कारखान्यांतल्या कामगारांत ग्राम्शी रमला. १ मे १९१९ रोजी त्याने मित्रांबरोबर एक साप्ताहिक काढले, आणि त्याच्या मुखपृष्ठावर तीन आज्ञा छापल्या: शिका, चेतवा, संघटित व्हा. बाबासाहेबांचा 'मूकनायक' ३१ जानेवारी १९२० चा आणि नागपूरच्या परिषदेतला तो प्रसिद्ध आदेश जुलै १९४२ चा. कुणी कुणाचे पाहून लिहिले असे मुळीच नाही. ही हाक त्यांच्या आधी इंग्लंडच्या कामगार चळवळीतही ऐकू येत होती. पण तळातून उठणाऱ्या माणसाला सगळीकडे तीच तीन कामे करावी लागतात, हे त्यातून दिसते.

१९२४ साली तो खासदार झाला. ८ नोव्हेंबर १९२६ रोजी मुसोलिनीने त्याला पकडले. १९२८ च्या खटल्यात सरकारी वकिलाने हा मेंदू वीस वर्षे चालता कामा नये अशी मागणी केल्याचे सांगतात. शिक्षा झाली २० वर्षे, ४ महिने आणि ५ दिवस. मेंदू मात्र थांबला नाही. ८ फेब्रुवारी १९२९ ला त्याने पहिली वही उघडली, आणि ३३ वह्या झाल्या. केंब्रिजचा अर्थशास्त्रज्ञ मित्र पिएरो स्राफा याने मिलानच्या पुस्तकाच्या दुकानात त्याच्या नावे खाते उघडून दिले होते, म्हणून पुस्तके मिळत. मेहुणी तातियाना भेटायला येई, कपडे-औषधे पोचवी. त्याच्या मृत्यूनंतर त्या वह्या तिनेच सांभाळल्या.

त्या वह्यांत काय आहे? मला उमजले तेवढे सांगतो. सत्ता दोन पायांवर उभी असते. एक पाय दंडुक्याचा आणि दुसरा संमतीचा. दंडुका रोज चालवावा लागत नाही, कारण खालच्या माणसाच्या मनातच वरच्याचे विचार बसवलेले असतात. शाळा, मंदिर, कथा-कीर्तन, म्हणी, वर्तमानपत्र यांतून ते आपसूक बसतात. याला तो वर्चस्व म्हणतो. काळारामाच्या दाराशी पोलीस होते, हा पहिला पाय. पण त्याआधी शेकडो वर्षे आमचे वाडवडील त्या पायरीच्या वाटेला स्वतःहून गेले नाहीत, गेलो तर पाप लागेल असे त्यांना मनापासून वाटे, हा दुसरा. पहिला पाय कायद्याने मोडतो, दुसऱ्याला फार वेळ लागतो. बाबासाहेबांनी १३ ऑक्टोबर १९३५ ला आपल्याच जिल्ह्यातल्या येवल्याला जी घोषणा केली, तिचा घाव या दुसऱ्या पायावर होता.

प्रत्येक माणूस तत्त्वज्ञ असतो, असेही ग्राम्शी म्हणतो. शेतमजूर, मोलकरीण, गवंडी, प्रत्येकाच्या डोक्यात जगाबद्दल काही एक समज असते. पण ती गोधडीसारखी असते, इकडचा तुकडा, तिकडचा तुकडा. एकाच घरात भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब असतात, दाराला लिंबू-मिरची असते, आणि मुलीच्या लग्नाला तिथी पाहिली जाते. ग्राम्शी या गोधडीला हसत नाही. ती उसवून, कोणता तुकडा कुठून आला ते पाहून पुन्हा शिवायला सांगतो.

हे कोण करणार? तर त्याच समाजातून उठलेला, त्याच्याच भाषेत बोलणारा विचारवंत. त्याला पदवी लागते असे नाही. दाखला शोधायला मला सिन्नर तालुक्याच्या पलीकडे जावे लागत नाही. देशवंडीचे वामनदादा कर्डक अंगमेहनतीची कामे करीत मोठे झाले, अक्षर-ओळख झाली तीही मोठेपणी, आणि त्यांच्या गाण्यांनी खेड्यापाड्यांतल्या आयाबायांना जे समजावले ते शंभर व्याख्यानांना जमले नसते. नाशिकच्या शांताबाई दाणी तशाच. कर्मवीर दादासाहेबांचा भूमिहीनांचा सत्याग्रह घ्या, जमिनीचा प्रश्न त्यांनी तुरुंग भरून सरकारला शिकवला. ग्राम्शीने ज्याचे नुसते वर्णन केले ते आपण डोळ्यांनी पाहिले आहे.

पालकांसाठी एक गोष्ट मात्र मुद्दाम सांगायला हवी. जेंतिलेच्या शाळारचनेत वरच्या घरच्या मुलांना विचार शिकवायचा आणि गरिबांच्या मुलांना लवकर हात-कामाच्या शाळेत घालायचे, अशी विभागणी पक्की झाली. वरून ती गरिबांच्या सोयीची वाटे, मुलगा चटकन कमावता होतो. ग्राम्शीने तुरुंगातून तिच्यावर कडक टीका केली. कामगाराच्या मुलालाही व्याकरण, गणित, इतिहास हे सगळे कठीण विषय मिळालेच पाहिजेत, असे तो म्हणतो. अभ्यास हीसुद्धा अंगमेहनतच आहे, तासन्‌तास एका जागी बसायची सवय अंगाला लावावी लागते, आणि शिकल्यासवरलेल्या घरात ती मुलाला आपोआप लागते, आपल्या घरात लावावी लागते. म्हणून अभ्यास सोपा करून देऊ नका. दहावीनंतर 'आयटीआयला टाकून देऊ, सुटला' असे आपण म्हणतो तेव्हा क्षणभर थांबावे. आयटीआय वाईट नाही, हाताला कसब असलेली माणसे हवीतच. पण मुलाची बुद्धी पाहून ठरवतो आहोत की आपला खिसा पाहून, हे नवरा-बायकोने एकमेकांना खरे सांगावे.

ग्राम्शी कम्युनिस्ट होता, मग आपल्याला तो कशाला, असे आमच्या अभ्यासवर्गात एका ज्येष्ठाने विचारले. प्रश्न रास्त आहे. मार्क्सवाद्यांशी बाबासाहेबांचे जमले नाही, आणि १९५६ साली काठमांडूला त्यांनी बुद्धाचा मार्ग कोणत्या कारणाने श्रेष्ठ हे स्पष्ट मांडले. जातीची उतरंड, जिथे प्रत्येकाच्या खाली आणखी कुणीतरी असतो, ती ग्राम्शीच्या अनुभवात नव्हती. तिच्यासाठी आपल्याला बाबासाहेबांकडेच यावे लागते. पण पोटाचा प्रश्न सुटला की मन आपोआप सुटेल, असे सांगणाऱ्यांपैकी तो नव्हता. बौद्धिक आणि नैतिक सुधारणा आधी हवी, असे म्हणणारा तो होता. म्हणून त्याला दारातच अडवू नये असे माझे मत आहे. बाबासाहेबांना त्याच्या वह्या वाचायला मिळण्याचा संभव नव्हता. त्या इटालियनमध्ये १९४८ पासून छापल्या जाऊ लागल्या, आणि इंग्रजीत त्याच्या लेखनाची पुस्तके यायला लागली १९५७ साली, महापरिनिर्वाणानंतर. दोघांची गाठ घालून देण्याचे काम पुढच्यांनी केले. लंडनचे प्राध्यापक कोसिमो झेने यांनी ग्राम्शी आणि आंबेडकर यांच्यावर संपादित केलेला इंग्रजी ग्रंथ २०१३ साली निघाला. आपल्या महाविद्यालयीन मुला-मुलींनी तो ग्रंथालयातून मागवून घ्यावा, दोघा-तिघांनी मिळून वाचावा, आणि विहारात येऊन साध्या मराठीत समजावून सांगावा.

२७ एप्रिल १९३७ रोजी, वयाच्या ४६ व्या वर्षी, ग्राम्शी रोमच्या दवाखान्यात वारला. त्याला दोन मुले होती, आईबरोबर मॉस्कोला राहात. धाकटा ज्युलियानो १९२६ च्या ऑगस्टमध्ये जन्मला. बापाने त्याला एकदाही पाहिले नाही. १९३१ च्या जूनमध्ये, तब्येत ढासळत असताना, त्याने बायकोला पत्रातून आपल्या गावाकडची एक गोष्ट लिहून पाठवली आणि थोरल्या देलिओला ती सांग म्हणून कळवले. ती अशी:

एक बाळ झोपलेले असते. उशाशी त्याच्यासाठी दूध ठेवलेले असते, ते उंदीर पिऊन टाकतो. बाळ उठून रडते, आई रडते. उंदराला वाईट वाटते, तो शेळीकडे दूध मागायला धावतो. शेळी म्हणते, गवत आण. रान म्हणते, पाणी नाही. झऱ्याकडे जावे तर लढाईत त्याचे बांधकाम मोडलेले, गवंडी हवा. गवंडी म्हणतो, दगड आण. उंदीर डोंगराकडे जातो. डोंगर उघडाबोडका, व्यापाऱ्यांनी त्याची सगळी झाडे तोडून नेलेली. उंदीर त्याला शब्द देतो की हे बाळ मोठे झाले की तुझ्यावर पुन्हा झाडे लावील. डोंगर दगड देतो. गवंडी झरा बांधतो, रानाला पाणी मिळते, शेळीला गवत मिळते. बाळाला इतके दूध मिळते की ते त्यात न्हाऊन निघते. मग ते मोठे होते, आणि झाडे लावते.